बाबा आणि मुलांची बेटावरची मुक्कामी सहल: आखणी परतीपासून सुरू करा

बेटावरच्या दोन दिवसांच्या सहली बिघडतात त्या बहुतेक एकाच कारणाने. आधी सुट्टी पाहून तारीख ठरते, मग सामान भरलं जातं आणि बोट किती वाजता येऊ शकते हे सगळ्यात शेवटी विचारलं जातं. क्रम याच्या नेमका उलट हवा. रविवारी बेटाच्या किनाऱ्याला बोट कधी लागू शकते हे पहिलं ठरतं, बाकी सगळं त्यावरून मागे मागे मोजत यायचं.

पुढच्या पायऱ्या दोन ते चार बाबा, पाच ते चौदा वर्षांची मुलं, तासाभराच्या आतलं बोटीचं अंतर आणि तंबूतली एक रात्र असं धरून लिहिल्या आहेत. बेटावर दुकान, दवाखाना किंवा पिण्याचं पाणी नाही असंच समजा. असेल तर सोय झाली, पण आखणी त्याच्या भरवशावर नको.

## १. तारखेआधी भरती-ओहोटी

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास बारा मिनिटं जातात. दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. ही पन्नास मिनिटं विसरली की रविवारचा सगळा हिशेब चुकतो.

उदाहरण घ्या. शनिवारी सकाळी दहाला पूर्ण भरती आहे. मग ओहोटी दुपारी सव्वाचारच्या सुमारास, पुढची भरती रात्री साडेदहाच्या आसपास, रविवारी पहाटे पावणेपाचच्या आधी ओहोटी, सकाळी दहा पन्नासला भरती आणि संध्याकाळी पाचला पुन्हा ओहोटी. आता कुणी ‘रविवारी पाचला निघू, दिवस पूर्ण मिळेल’ असं ठरवलं, तर उथळ किनाऱ्याच्या बेटावर बोट दोनशे मीटर लांब थांबेल. थकलेली मुलं आणि ओलं सामान घेऊन तेवढं अंतर चिखलातून चालावं लागेल. या तारखेला रविवारी नऊ ते साडेबारा हीच निघायची वेळ आहे.

पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत-उतरत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक भाग चढतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी हलतं. प्रवाह सगळ्यात जोरात असतो तोही याच वेळी. लहान मुलांसह बोटीत चढणं-उतरणं आणि पोहणं या दोन तासांत ठेवू नका.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती खूप वर येते, ओहोटी खूप आत जाते, ओढ वाढते. अष्टमीच्या आसपास भांग असते आणि पाण्याची उठबस कमी होते. मुलांसोबतच्या पहिल्या सहलीसाठी भांगेचाच शनिवार-रविवार निवडा, सुट्ट्यांशी जुळत नसला तरी.

भरती-ओहोटीच्या वेळापत्रकातली वेळ ठरावीक बंदराची असते. तुमच्या बेटाला ती थोडी पुढे-मागे असू शकते, म्हणून तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, एक नेमका प्रश्न विचारा: ‘पूर्ण भरतीच्या किती तास आधीपासून किती तास नंतरपर्यंत बोट किनाऱ्याला लागते?’ ‘कधीही या, सोडतो’ असं उत्तर मिळालं तर दुसरा तांडेल बघा.

तपासणी: शनिवारची जायची वेळ, रविवारची यायची वेळ आणि दोन्ही दिवसांच्या भरती-ओहोट्या एका कागदावर लिहिल्या का? कागद जुळत नसेल तर तारीख बदला, बाकीचं पुढे वाचू नका.

## २. वारा, आणि न जाण्याचा निर्णय

पावसापेक्षा वाऱ्याचा अंदाज महत्त्वाचा. सात ते दहा नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वाऱ्याला समुद्रावर तुरळक पांढरे फेस दिसू लागतात. अकरा ते सोळा नॉटला ते सगळीकडे दिसतात आणि छोटी उघडी होडी मुलांसाठी नकोशी होते. अंदाज दहा नॉटच्या वर असेल तर छोट्या होडीने जाऊ नका. वारा एका बाजूने आणि प्रवाह समोरून असेल तर त्याच वाऱ्यात लाटा उभ्या आणि आखूड होतात, तेव्हा दहाच्या आतही त्रास होतो.

खारे वारे, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे येणारे वारे, दिवस तापला की जोर धरतात, म्हणून दोन्ही वेळेला सकाळचं पाणी चांगलं. सकाळची भरती मिळणारी तारीख निवडायची ती यासाठीही.

निर्णय शुक्रवारी संध्याकाळी घ्या आणि तो कोण घेणार हे आधीच ठरवा. धक्क्यावर, सामान आणि उत्साहाने फुललेल्या मुलांसमोर, ‘नको जायला’ म्हणणं फार अवघड जातं. मुलांना पहिल्याच दिवशी सांगा की वारा असेल तर किनाऱ्यावरच तंबू ठोकायचा. तो पर्याय खरोखर तयार ठेवा, जागेसकट.

इशारा: सोमवारी कुणाचीही टाळता न येणारी परीक्षा किंवा बैठक असेल, तर तुम्ही वारा असतानाही परत निघाल. सोमवार राखीव ठेवा.

## ३. माणसांचं गणित आणि मुलाचं कार्ड

दोन मुलांमागे एक मोठा माणूस. सहा वर्षांखालच्या मुलासाठी एक मोठा माणूस फक्त त्याच्यापुरता. आणि एकूण मोठी माणसं कमीत कमी दोन, कारण एका बाबाचा पाय मुरगळला तर उरलेली मुलं कुणाकडे?

प्रत्येक बाबाने आपल्या मुलाचं कार्ड स्वतःच्या हाताने लिहावं: वजन, ॲलर्जी, चालू औषधं, पोहता येतं का आणि किती, रात्री कशाने झोप लागते, अंथरूण ओलं होतं का, बोटीत किंवा गाडीत उलटी होते का. घरात या गोष्टी ज्याच्या डोक्यात असतात ते माणूस बऱ्याचदा सहलीला आलेलं नसतं, म्हणून विचारून लिहा. कार्डाच्या दोन प्रती करा, एक तुमच्याकडे, दुसरी दुसऱ्या बाबाकडे.

तापाच्या औषधाबद्दल विशेष काळजी घ्या. मुलांच्या पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते आणि बाजारात त्याच औषधाच्या कमी-जास्त ताकदीच्या बाटल्या मिळतात. ‘पाच मिली देतो आम्ही’ हे वाक्य बाटली बदलली की धोक्याचं होतं. डॉक्टरांना विचारून, तुम्ही नेणार त्याच बाटलीवर मिली, किती तासांनी आणि दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा हे लिहून चिकटवा.

मुलाने कधी तंबूत रात्र काढली नसेल तर आधीच्या आठवड्यात अंगणात, गच्चीत किंवा घरातल्या हॉलमध्ये एक रात्र काढा. झोपेची पिशवी गरम होते, हेडलॅम्पचा पट्टा टोचतो, झोपताना नेहमीचंच पांघरूण हवं असतं, हे सगळं तिथे कळतं.

## ४. लाईफ जॅकेट: घरी घालून बघा

तांडेलाकडे जॅकेटं असतीलच, पण ती बहुधा मोठ्यांच्या मापाची असतात. मोठ्याचं जॅकेट घट्ट बांधून मुलाला चालत नाही. पाण्यात पडल्यावर जॅकेट वर तरंगतं आणि मूल त्यातून खाली सरकतं. जॅकेटच्या आत लिहिलेला वजनाचा आकडा मुलाच्या कार्डावरच्या वजनाशी जुळला पाहिजे. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठं घेऊ नका.

तपासायची रीत अशी. सगळे पट्टे लावा. लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असायला हवा, तोही लावा. मुलाला हात वर करायला सांगा. दोन्ही खांद्यांवरचं जॅकेट धरून वर उचला. हनुवटी किंवा कान जॅकेटच्या गळ्यातून आत जात असतील तर माप चुकलं. मग एकदा उथळ पाण्यात बाबाच्या हाताशी उताणं तरंगू द्या. पहिल्यांदा घालून पाण्यात गेलेलं मूल घाबरून उभं राहायला धडपडतं. ती धडपड समुद्रात नको.

शिट्टी जॅकेटला बांधा, खिशात नको. एक शिट्टी म्हणजे ‘कुठे आहेस?’, तीन म्हणजे ‘मदत’. खेळायला शिट्टी वाजवायची नाही हा एकच कडक नियम.

## ५. सामान

पाणी. पिणं आणि स्वयंपाक मिळून उष्ण हवेत मोठ्याला दिवसाला चार लिटर, मुलाला तीन लिटर धरा. दोन बाबा आणि चार मुलं, दोन दिवस: सोळा अधिक चोवीस, म्हणजे चाळीस लिटर. अडकलात तर एक दिवस पिण्यापुरतं माणशी दोन लिटर, आणखी बारा. झाले बावन्न लिटर, म्हणजेच बावन्न किलो. म्हणून वीस लिटरचा एक कॅन घेऊ नका. गुडघाभर पाण्यातून तो एकट्याने वाहून नेता येत नाही आणि फुटला तर सगळंच गेलं. पाच-पाच लिटरचे कॅन घ्या. भांडी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटी गोड्या पाण्याचा एक हात फिरवला की पुरतं.

मुलाची पिशवी. ती त्याने स्वतः भरायची आणि स्वतः उचलायची. वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागाइतकं, फार तर. कपड्यांचे जोड प्लास्टिकच्या वेगवेगळ्या पिशव्यांत: पोहायचा, रात्रीचा, परतीचा. रात्रीचा जोड संध्याकाळपर्यंत उघडायचा नाही. एकच कोरडा जोड ठेवायला सांगितला तर तो दुपारी तीनला ओला झालेला असतो. पोहायचे कपडे केशरी, पिवळे किंवा भडक गुलाबी असू द्या. निळा, पांढरा आणि राखाडी रंग पाण्यात दिसत नाही.

पायात. मागे पट्टा असलेल्या चपला किंवा जुने बूट. खडकावरची कालवं ब्लेडसारखी कापतात आणि साध्या स्लिपर चिखलात रुतून राहतात.

औषधपेटी. जखम धुवायला पाणी भरलेली सिरिंज, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, बारीक टोकाचा चिमटा, कात्री, तापाचं औषध, ॲलर्जीचं औषध, ओआरएसची पाकिटं. पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त पडलं तर उपाय उलटा पडतो, म्हणून अंदाजाने टाकू नका.

नेऊ नका: हवेने फुगवायची ट्यूब, गादी, मगर, बदक. मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, सुटला की ती मुलासकट आत समुद्रात जातात, आणि पोहत मागे जाणारा बाबा त्यांना गाठू शकत नाही.

बोटीत सामान ठेवायचा क्रम: बेटावर पहिल्यांदा लागणारं सगळ्यात वर. म्हणजे खाली अन्न आणि कपडे, त्यावर तंबू, वर पाणी, टोप्या आणि औषधपेटी.

## ६. निघायची सकाळ

बोटीच्या एक-दोन तास आधी हलकं खाणं: पाव, केळं, उकडलेला बटाटा. रिकाम्या पोटीही मळमळतं आणि तेलकट खाऊनही. बोट लागण्याचा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतो. त्यांना बोटीच्या मध्यभागी किंवा मागच्या भागात, उघड्यावर, क्षितिज दिसेल असं बसवा. मोबाईल आणि पुस्तक बंद. औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, बोट सुटण्याआधीच द्या. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात टिकत नाही.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, घरातून निघतानाच लावा. दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. कानांच्या पाळ्या, मानेचा मागचा भाग आणि पावलांचा वरचा भाग हमखास राहतो.

किनाऱ्यावरच्या एका माणसाला लेखी निरोप द्या: किती जण, कोणती बोट, बेटाची कोणती बाजू, रविवारी किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. शेवटचा भाग नसेल तर तो माणूस रात्रभर ‘येतीलच’ म्हणत बसतो.

तपासणी: बोट सुटण्याआधी मोजणी. मुलांना क्रमांक द्या आणि त्यांनीच मोठ्याने म्हणावा. बोट दाखवून मोजताना एकच मूल दोनदा मोजलं जातं.

## ७. उतरल्यावरचा पहिला तास

मुलं थेट पाण्याकडे धावतील. त्यांना थांबवा, कारण पुढचा क्रम बदलला तर संध्याकाळी त्रास होतो: सावलीत पाणी, हद्द, तंबूची जागा, शौचाची जागा. मग पोहणं.

हद्द दाखवायला सगळ्यांनी मिळून चाला. ‘या काळ्या खडकापासून त्या वाकड्या झाडापर्यंत’ असं डोळ्यांना दिसणारं सांगा.

तंबूची जागा वाळूच वाचून ठरवायची. भरतीने टाकलेल्या काड्या, शेवाळ, शिंपल्यांची एक ओळ किनाऱ्याला समांतर दिसेल. शेवाळ ओलं, हिरवट आणि वाकवलं तर न मोडणारं असेल तर ती आजच्या भरतीची रेघ. त्यावर थोड्या अंतरावर बहुधा दुसरी ओळ असते: करकरीत वाळलेलं, बोटांत चुरा होणारं शेवाळ, उन्हाने पांढरी पडलेली लाकडं. ती उधाणाची. तंबू दुसऱ्या ओळीच्याही वर, जिथे मुळं धरलेली झुडपं सुरू होतात तिथे. रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा वर येऊ शकते, त्यामुळे ‘आत्ता पाणी इथवरच आलं’ हा पुरावा धरू नका. वर पाहायलाही विसरू नका: वाळकी फांदी, नारळासारखी जड फळं किंवा सुट्या दगडांचा कडा डोक्यावर नको.

साध्या खुंट्या वाळूत रात्री वाऱ्याने निघतात. कापडी पिशव्या वाळूने भरा, तंबूची दोरी त्यांना बांधा आणि पिशव्या हातभर खोल पुरा. पिशव्या भरायचं काम मुलांचं. सहा वर्षांचं मूलही ते मनापासून आणि नीट करतं.

शौचासाठी पाण्यापासून आणि तंबूपासून साठ मीटर दूर, पंधरा ते वीस सेंटीमीटर खोल खड्डा. वापरलेला कागद पिशवीत परत न्यायचा. काही संरक्षित बेटांवर पुरायलाही परवानगी नसते, तंबू आणि शेकोटीलाही नसते. ती चौकशी तारीख ठरवतानाच व्हायला हवी.

## ८. पाण्यातले तास

सगळ्यात मोठी चूक इथे होते. चार बाबा किनाऱ्यावर बसलेले असतात, प्रत्येकाला वाटतं बाकीचे तिघे बघताहेत, आणि प्रत्यक्षात कुणीच बघत नसतं.

म्हणून पहारा एकाच माणसाचा, वीस मिनिटांचा. पहाऱ्यावरच्याच्या डोक्यावर लाल टोपी. ती दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय पहारा संपत नाही. पहाऱ्यावर फोन नाही, स्वयंपाक नाही, गप्पा नाहीत, आणि मुलं सोबत असेपर्यंत दारू कुणालाच नाही. पोहता न येणारं मूल पाण्यात असेल तर त्याचा बाबा पाण्यातच, हात पुरेल इतक्या अंतरावर. हा पहारेकऱ्याव्यतिरिक्त.

बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातही हलवत नाही. ते उभं असतं, डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, पायांची हालचाल जवळजवळ नाही. खेळणाऱ्या मुलाचा आवाज बंद झाला की तिकडे बघा.

लाटा फुटणाऱ्या पट्ट्यात मधेच एक शांत, गडद, फेस आत वाहून नेणारी वाट दिसली तर ती पोहायची सुरक्षित जागा वाटते. तोच रिप करंट, म्हणजे किनाऱ्यापासून आत समुद्रात ओढणारा प्रवाह. मुलांना शिकवायचं इतकंच: ओढलं गेलं तर पाठीवर तरंग, एक हात वर, शिट्टी. किनाऱ्याकडे झगडत पोहायचं नाही. मोठ्याने किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावं. बेटाच्या टोकांना आणि दोन बेटांमधल्या चिंचोळ्या जागेत प्रवाह जास्त जोरात असतो, तिथे अजिबात नको.

वाचवायला मोकळ्या हातांनी उडी मारू नका. पहारेकऱ्याच्या शेजारी पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन, पंधरा मीटर दोरीला बांधून ठेवा. तळात कपभर पाणी ठेवा म्हणजे तो फेकता येतो. पूर्ण रिकामा वाऱ्याने उडतो. फेकून बघायचा सराव आधी करा.

जेलीफिशचा डंख झाला तर चोळू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका. समुद्राच्या पाण्याने धुवा, चिमट्याने तंतू काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं तरी ठेवा. पाणी आधी मोठ्याने स्वतःच्या हातावर बघावं. काही भागांत अतिविषारी जेलीफिश असतात आणि तिथे उपचार वेगळे असतात, म्हणून जाण्याआधी तांडेलाला विचारा. पाकट, म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा, वाळूत दडलेला असतो. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाललं की तो आधीच निघून जातो. श्वास लागला, ओठ सुजले किंवा मूल गळून गेलं तर लगेच मदत मागवा.

इशारा: गडगडाट ऐकू आला की सगळे पाण्याबाहेर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत जायचं नाही.

## ९. शेकोटी आणि रात्र

स्वयंपाक उजेड असतानाच उरका. पदार्थ घरी अर्धे तयार करून आणा, म्हणजे बेटावर फक्त उकळणं आणि गरम करणं राहील. पावसात किंवा थंडीत स्टोव्ह तंबूत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शेकोटी वाळूने बुजवणं ही जुनी आणि वाईट सवय आहे. वाळूखाली निखारे तासन् तास गरम राहतात आणि वरून काहीच दिसत नाही. सकाळी अनवाणी मूल त्यावरून धावतं आणि तळवे भाजतात. समुद्राचं पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेत हाताची पाठ टेकवता आली की विझली. भाजलंच तर वीस मिनिटं थंड वाहतं पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको.

अंधार पडण्याआधी प्रत्येक मुलाच्या गळ्यात हेडलॅम्प. रात्री शौचाला एकट्याने जायचं नाही, बाबाला उठवायचं. हे झोपताना पुन्हा सांगा आणि उठवल्यावर वैतागू नका. एकदा वैतागलात की पुढच्या वेळी मूल उठवत नाही. मुलाला घराची आठवण येऊन रडू आलं तर दुसऱ्या मुलांपासून थोडं दूर नेऊन बसा, पाणी द्या, बोलू द्या. ‘मोठा झालास ना’ म्हणून गप्प करू नका.

## १०. परतीची सकाळ

बोटीच्या तीन तास आधी आवराआवर सुरू. तंबू आधी उतरवा, तंबूची खालची बाजू उन्हात टाका, मग न्याहारी. परतीचे कपडे बोटीच्या अर्धा तास आधी. शेवटचं पोहणं बोटीच्या दीड तास आधी संपतं. ‘पाचच मिनिटं’ इथे द्यायची नाहीत, कारण भरती थांबणार नाही.

सगळ्यांनी एका रांगेत, हातभर अंतर ठेवून, तंबूच्या जागेवरून पाण्यापर्यंत चालायचं. खुंट्या, पिशव्या, टोपणं, चिकटपट्टीचे तुकडे वेचायचे. मुलांची नजर जमिनीच्या जवळ असते, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त सापडतं.

वारा वाढला असेल आणि तांडेल ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका. राखीव पाणी त्यासाठीच आणलं होतं. किनाऱ्यावरच्या माणसाला कळवा, तंबू पुन्हा ठोका, मुलांना खरं कारण सांगा.

पलीकडे उतरल्यावर पुन्हा क्रमांकाने मोजणी, आणि गाडीत बसण्याआधी त्या माणसाला ‘पोहोचलो’ असा फोन. घरी गेल्यावर त्याच रात्री जॅकेटं, तंबूच्या चेन आणि हेडलॅम्प गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळत घाला. तंबू ओला गुंडाळून ठेवला तर काही दिवसांत बुरशी धरतो, आणि मिठाने गंजलेली चेन पुढच्या वेळी भर वाऱ्यात अडकते.